शेताच्या कुंपणाला रानटी रास्पबेरी लावावी का? (गगनबावडा परिसर)

बावडेकर_शेत यांचा प्रश्न

सर्वांस नमस्कार. गगनबावडा तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या अंगाला भात होते; वरचा तुकडा मात्र जांभ्याचा आणि उतरता असल्यामुळे पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची, आता बरीच वर्षे तो पडूनच आहे. या तुकड्याच्या एका बाजूला ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे वन विभागाचे रान सुरू होते. सध्या सिमेंटचे खांब आणि काटेरी तार असे कुंपण आहे, परंतु इथल्या पावसाने तार गंजून जागोजागी तुटते आणि ती सारखी बदलत बसणे परवडत नाही. म्हणून तारेऐवजी इथल्याच झुडपांचे सजीव कुंपण करावे आणि जमल्यास त्यातून पाखरांना व घरच्या पोरांना खायला काही फळ मिळावे, असा विचार आहे.

कोल्हापुरातील एका रोपवाटिकेत ‘रानटी रास्पबेरी, देशी जात’ अशी चिठ्ठी लावलेली रोपे दिसली. विक्रेत्याने सांगितले की हे झुडूप सह्याद्रीतलेच असून त्याला खतपाण्याची फारशी गरज नसते आणि काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. नमुना म्हणून काही रोपे आणून परसात पिशव्यांतच ठेवली आहेत, अजून जमिनीत लावलेली नाहीत. ही वनस्पती खरोखर आपल्या भागातली आहे काय, कुंपण म्हणून ती टिकेल काय, आणि ओढ्याच्या काठाने लावल्यास पुढे डोकेदुखी होईल काय, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमच्याकडे गव्यांचा त्रास आहे, हेही सांगून ठेवतो.

पानाफुलांचा_नाद यांचे उत्तर

आपण रोपे अजून जमिनीत लावली नाहीत हे फार चांगले केलेत, कारण ‘रानटी रास्पबेरी’ या चिठ्ठीखाली आपल्याकडे निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि तिघींचा स्वभाव सारखा नाही. त्या तिन्ही गुलाबाच्या कुळातील रूबस या प्रजातीतल्या असल्या, तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी आपल्या पिशवीत कोणती आहे यावरच अवलंबून आहे.

पहिली म्हणजे गौरीफळ, शास्त्रीय नाव रूबस नीविअस. महाराष्ट्रात ही महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात रानात वाढते, आणि तिथे जाऊन आलेल्या बहुतेकांनी रस्त्याच्या कडेला तिची फळे विकायला ठेवलेली पाहिली असतील. हिचे पान संयुक्त असते; एका देठावर समोरासमोर जोड्या आणि टोकाला एक, अशा एकूण पाच ते नऊ पर्णिका असतात. पर्णिका वरून हिरवी व शिरांच्या रेषांनी किंचित सुरकुतल्यासारखी दिसते, पण उलटून पाहिली तर खाली दाट पांढरी लव असते. कोवळ्या फांदीवर पांढरट थर असतो, बोटाने पुसला की तो निघतो आणि खालची जांभळट साल दिसते. काटे आकड्यासारखे मागे वळलेले असतात. फुले लहान, गुलाबी रंगाची आणि घोसात येतात. फळ आधी लाल होते, पण तेव्हा ते आंबटच असते; पूर्ण पिकल्यावर ते काळपट जांभळे होते आणि त्यावर राखाडी लव दिसते.

दुसरी म्हणजे पिवळ्या फळांची रास्पबेरी, रूबस इलिप्टिकस. उत्तराखंडात हिला हिसालू किंवा हिंसर म्हणतात (आणि वर सांगितलेल्या गौरीफळाला तिकडे काला हिसालू म्हणतात). हिच्या पानाला तीनच पर्णिका असतात, टोकाची पर्णिका बाकी दोन्हींपेक्षा मोठी व गोलसर असते. फुले पांढरी आणि फळ पिवळे-नारिंगी. पण हिची सर्वांत सोपी खूण फांदीवर आहे: काट्यांच्या अधूनमधून फांदीभर तांबूस-तपकिरी राठ केस असतात.

तिसरी म्हणजे युरोपातील लाल रास्पबेरी, रूबस आयडियस. तिचे पानही खालून पांढरट असते, त्यामुळे लहान रोपात गौरीफळाशी गल्लत होऊ शकते. मात्र तिचे काटे बारीक व सरळ असतात. ही जर आपल्याला मिळाली असेल तर प्रश्न आपोआपच मिटतो. तिच्या बहुतेक वाणांना फुलण्यापूर्वी सात अंशांखालील थंडीचे साधारण ८०० ते १६०० तास लागतात, आणि आपल्याकडे ऐन जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरीने पंधरा अंशांच्या आसपास असते. झाड कदाचित जगेल, पण फळ धरणार नाही.

तेव्हा कृपया पर्णिका मोजून, पान उलटून आणि फांदीवर बोट फिरवून काय आढळते ते इथे कळवावे. फळाची वाट पाहण्याची गरज नाही. जाता जाता एवढेच, की ओढ्याकाठी आधीच एखादे ‘रास्पबेरीसारखे’ झुडूप असेल तर ती बहुधा घाणेरी असते. तिची पाने साधी, खरखरीत, समोरासमोर आणि चुरगळल्यावर उग्र वासाची असतात. तिची पिकलेली काळी फळे मुले खातात, परंतु कच्ची हिरवी फळे विषारी आहेत आणि पाला गुरांना बाधतो.

करवंदीची_जाळी यांचे उत्तर

ओळख काहीही निघो, मला मुळात एक कळत नाही. ज्या घाटमाथ्यावर करवंद, तोरण, आंबगुळी, शिकेकाई आणि निर्गुडी न मागता उगवते, तिथे पिशवीतले रोप विकत आणून कुंपण करण्याची गरज काय? रास्पबेरीला मी नावे ठेवत नाही. महाबळेश्वरी गौरीफळ मला स्वतःला फार आवडते. पण कुंपणाचे काम तिचे नव्हे.

रास्पबेरीच्या फांद्यांची रीत समजून घेतली म्हणजे हे लक्षात येईल. जमिनीतून दरवर्षी नवे कोंब येतात. सामान्यतः पहिल्या वर्षी ते नुसते वाढतात, पुढच्या हंगामात त्यांना फुले-फळे येतात आणि फळे उतरली की ती फांदी वाळून जाते. म्हणजे आपल्या कुंपणात कायम काही हिरव्या, काही वाळक्या फांद्या राहणार. वाळक्या छाटून काढल्या नाहीत तर आत काटेरी गचपण होते, त्यात हात घालता येत नाही आणि फळही तोडता येत नाही. काढल्या तर जागोजागी खिंडारे पडतात. बागेत ही छाटणी नियमाने करता येते. ओढ्याकाठच्या उतारावर, तेही पावसात, ती कोण करणार?

उलट करवंदीची जाळी एकदा धरली की पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिचे काटे दुभागलेले, टणक; पान बारमाही हिरवे आणि चिकाचे. जांभ्याच्या कातळात, जिथे मातीचा थर वीतभरही नाही, तिथेही ती मूळ धरते. तिचा एकच दोष म्हणजे सुरुवातीची काही वर्षे ती फार हळू वाढते आणि तेवढी सवड आजकाल कोणाला नसते. त्यामुळेच गावोगावी बांधांवर घायपात, मोगली एरंड आणि शेर लागलेले दिसतात. पहिल्या दोन अमेरिका खंडातून आलेल्या आणि तिसरा आफ्रिकेतला, पण लवकर वाढतात म्हणून लोकांनी आपल्याशा केल्या.

गव्यांबद्दल मात्र कोणत्याही झुडपावर विसंबू नये. पूर्ण वाढलेला नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो. त्याला जायचे असेल तर करवंदही अडवणार नाही आणि रास्पबेरी तर नाहीच. सजीव कुंपण गुरे, शेळ्या आणि माणसे यांच्यासाठी. गव्यांसाठी आतल्या बाजूने सौर ऊर्जेवरची झटक्याची तार हाच सध्या कामी येणारा उपाय आहे.

बावडेकर_शेत

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे रोपे पाहिली. प्रत्येक पानाला तीनच पर्णिका आहेत आणि मधली ठळकपणे मोठी, जवळजवळ वाटोळी आहे. पानाची खालची बाजू फिकट व मऊ आहे. फांदीवर पुसून निघणारा थर नाही. मात्र काट्यांच्या मधोमध तांबूस रंगाचे दाट केस आहेत, इतके की लांबून फांदीच तांबडी दिसते.

म्हणजे ही हिसालू असावी. परंतु ती तर भारतातलीच आहे, मग ‘देशी’ म्हणून विकण्यात चूक काय आणि ती लावण्यात धोका काय, हे नीट समजले नाही. शिवाय रोपवाटिकेत सांगितले होते त्याप्रमाणे पाखरे ही फळे आवडीने खातात, आणि पाखरे यावीत हा तर माझा हेतूच आहे.

पानाफुलांचा_नाद

आपले वर्णन इतके नेमके आहे की शंका उरत नाही; ती रूबस इलिप्टिकसच आहे.

ही वनस्पती भारतातली आहे हे खरे. हिमालयाच्या मध्यम उंचीच्या उतारांवर ती सर्रास वाढते आणि दक्षिणेत निलगिरीच्या बाजूच्या डोंगरांतही आहे. पण वनस्पतीला राज्यांच्या आणि देशांच्या सीमा कळत नाहीत; तिला उंची, थंडी, पावसाचे महिने आणि सोबतची झाडे-किडे कळतात. गढवालच्या उतारावरचे झुडूप गगनबावड्याच्या जांभ्यावर आणून लावणे, हे निसर्गाच्या हिशेबी परदेशातून आणण्याहून फार वेगळे नाही. गौरीफळाबाबतही हाच विचार लागू होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर, गगनबावडा सातशेच्या आसपास, तर खुद्द कोल्हापूर शहर साडेपाचशेच्या घरात. पाऊस दोन्ही घाटमाथ्यांवर धो-धो पडतो म्हणून रान सारखेच असेल असे समजू नये. गौरीफळ हा तिथल्या उंचीवरच्या रानाचा भाग आहे. आपल्याकडे करवंदीची जाळी जशी पावलोपावली भेटते तशी गौरीफळाची भेटत नाही.

आता धोक्याविषयी. हिसालूचा समावेश जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि तो मुख्यतः हवाई बेटांवरील अनुभवामुळे. तिथे ती विसाव्या शतकात फळासाठी नेली गेली, पाखरांनी व डुकरांनी बिया जंगलात पोहोचवल्या आणि ओल्या रानात तिची इतकी दाट जाळी झाली की खाली स्थानिक रोपे उगवेनाशी झाली. गौरीफळाची कथा गॅलापागोस बेटांवर घडली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांनी फळपीक म्हणून ती लावली. आज सांताक्रूझसारख्या बेटाच्या उंचावरील दमट भागात ती सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक आहे आणि स्कॅलेशिया नावाच्या, फक्त त्याच बेटांवर असलेल्या झाडांचे रान तिने गुदमरवले आहे. आपण म्हणता ती पाखरांची आवड हीच तिथे घातक ठरली. एका फळात डझनावारी बिया असतात, त्या पाखराच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात आणि मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात; त्यामुळे वरचे झुडूप तोडून भागत नाही. शिवाय लांब फांदीचे टोक वाकून जमिनीला टेकले की तिथेही मुळे फुटतात.

हवाईत झाले ते गगनबावड्यात होईलच असे मी म्हणत नाही. आपल्याकडे लांबलचक कोरडा उन्हाळा आहे आणि या वनस्पती भारतातल्याच असल्यामुळे त्यांच्यावर जगणारे किडे व बुरशीही इथे असण्याची शक्यता अधिक. परंतु आपल्या जागेत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: ओढ्याची ओल, बिया वाहून नेणारे पाणी आणि लागून असलेले जंगल. प्रयोग करायला याहून चुकीची जागा शोधून सापडणार नाही. घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आणली होती.

मेढा_ते_कोल्हापूर यांचे उत्तर

माझे आजोळ जावळी खोऱ्यातले आणि नोकरी कोल्हापुरात, त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार ठाऊक आहे. वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण वाचणाऱ्याचा असा समज होऊ नये की रास्पबेरी म्हणजे काही भयंकर वस्तू आहे.

महाबळेश्वरच्या बाजूला गौरीफळ रानाच्या कडेला, वाटेच्या बांधाला, जिथे झाडी थोडी विरळ होऊन ऊन येते तिथे असते. दाट सावलीच्या रानात ती शिरत नाही, त्यामुळे जांभूळ-अंजनीच्या जुन्या राईत ती पसरून बसली आहे असे दृश्य मी पाहिलेले नाही. हिवाळा सरता सरता फळे पिकू लागतात. तोडणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. पिकलेले फळ दोन बोटांत धरून हलके ओढले की देठावरचा पांढरा दांडा झाडालाच राहतो आणि पोकळ टोपीसारखे फळ हातात येते (ब्लॅकबेरीचा दांडा फळासोबत येतो, दोघींतला फरक इथेच कळतो). ते पोकळ असल्यामुळे जरा दाबले की रस सुटतो आणि उन्हात तर सकाळी तोडलेले संध्याकाळपर्यंत मलूल होते. म्हणूनच ती फळे लहान डब्यांत, थोडी थोडी विकतात आणि उरलेल्यांचे सरबत किंवा जॅम होते.

तेव्हा बावडेकर यांना फळ हवेच असेल तर त्यांनी हिसालूऐवजी गौरीफळाची दोन-चार रोपे घराजवळच्या परसात, ओढ्यापासून आणि रानापासून दूर लावावीत. बांबूचे दोन आडवे दांडे बांधून फांद्या त्यावर घ्याव्यात, टोके जमिनीला टेकू देऊ नयेत, फळे देऊन झालेली फांदी बुडातून कापावी आणि पिकलेली फळे पाखरांआधी आपण तोडावीत. पाणी साचेल तिथे मूळ कुजते, म्हणून आपल्या पावसात वाफा उंच हवा. सातशे मीटरवर महाबळेश्वरसारखे पीक येईल ही अपेक्षा ठेवू नये. घरच्या पोरांपुरते आले तरी पुष्कळ.

आणखी एक सूचना. रोपे मिळवण्यासाठी कोणीही अभयारण्यातून झाडे उपटून आणू नयेत. दाजीपूर-राधानगरीचे जंगल आपल्याला घरचे वाटत असले, तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून अशी कोणतीही वस्तू परवानगीशिवाय नेता येत नाही.

बावडेकर_शेत

सर्वांच्या उत्तरांनी चित्र स्पष्ट झाले. हिसालूची रोपे कुंपणाला लावणार नाही. करवंद आणि निर्गुडी यांच्यावरच भर द्यावा असे ठरवत आहे. आता दोन गोष्टी सांगाव्यात: पिशवीतल्या रोपांचे काय करू, आणि करवंदीची रोपे घरी कशी तयार करू? रोपवाटिकेत मिळणारी करवंदी मोठ्या फळांची, बागायती जातीची दिसते.

करवंदीची_जाळी

रोपांना अजून फुले आलेली नाहीत, म्हणून आत्ताच मुळासकट काढून उन्हात पूर्ण वाळवा आणि मग जाळून टाका. नुसती उकिरड्यावर फेकली तर पहिल्याच पावसात त्यांतली एखादी उभी राहील. बागेची हौस असलेल्या कोणाला ती देऊन टाकावी असे वाटेल, पण मग तोच प्रश्न दुसऱ्याच्या ओढ्यावर जातो.

करवंदीसाठी रोपवाटिकेकडे जाण्याची गरज नाही. मे अखेरीस आपल्याच शिवारातल्या जाळीवरची पूर्ण काळी झालेली करवंदे घ्यावीत. ज्या जाळीची फळे गोड आणि काटा भक्कम, तीच निवडावी. गर काढून बिया पाण्यात चोळून धुवाव्यात, सावलीत एक-दोन दिवस सुकवाव्यात आणि लगेच पिशव्यांत पेराव्यात. या बियांची उगवण लवकर मंदावते, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी ठेवून उपयोग नाही. फांद्यांची कलमे सहसा मुळे धरत नाहीत. पहिला पावसाळा आणि उन्हाळा रोपे पिशवीतच सांभाळून दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर ती बांधावर लावावीत, हात-दीड हात अंतरावर, दोन ओळींत आणि एका आड एक. शेळ्यांना पहिली दोन-तीन वर्षे तरी दूर ठेवावे लागेल.

निर्गुडीला एवढीही खटपट नाही. पावसाच्या सुरुवातीला हातभर लांबीच्या, करंगळीएवढ्या जाड फांद्या तोडून ओढ्याच्या काठाने खोचल्या तरी बहुतेक फुटतात, आणि उग्र वासामुळे गुरे तिला तोंड लावत नाहीत. म्हणून ओढ्याच्या बाजूला निर्गुडी आणि जांभ्याच्या वरच्या अंगाला करवंद अशी विभागणी करावी, मध्ये जिथे थोडी माती आहे तिथे तोरण. तिचे काटे मागे वळलेले असतात, कपड्यात अडकले की सोडवत बसावे लागते, आणि एप्रिल-मेमध्ये तिची पांढरी फळे पाखरेही खातात. जुनी तार मात्र करवंद कमरेएवढी होईपर्यंत काढू नका.